एक घर खाली

बाई,

तुमच्या शेवटच्या गाण्याची टेप सापडलीया. सापडली ती सापडली, वर तिची दुरुस्ती बी झालीया, आणि त्या दुरुस्तीला मी "व्हय" म्हणून बसलो हुतो. म्हणून लिहितोय. न्हाईतर मला कुठली पत्र लिहायची सवय. सातवीत शाळा सुटली, त्यानंतर हातात पेन धरला तो पेटीला चिठ्ठी लावण्यापुरता. मेलेल्या माणसाला पत्र लिहायचं असलं नाटक मला पटत बी न्हाई. पण मी तुमाला एकदा फसवलंय, आणि आता ह्या टेपच्या पायी दुसऱ्यांदा फसवायला निघालो हुतो, आणि हे बोलायचं तर तुमच्याशिवाय कुणाशी बोलायचं? येत्या रविवारी तुमच्या आठवणीचा कार्यक्रम हाय. त्याच्या आत लिहितो आणि मोकळा होतो.

"लिहितो, होतो" वाचून तुमी कपाळाला हात लावला असंल. आमच्या कोल्हापुरात बायका बी "मी येतो, मी जातो"च म्हणत्यात, त्यात आमाला काय वावगं वाटत न्हाई. तुमाला वाटायचं. तुमी नाटक कंपनीतनं आलेल्या, तुमची भाषा इस्त्री केल्यागत. पयल्या दिवशी मी वडलांच्या मागनं तुमचा जिना चढून आलो. वडलांचं पेटी दुरुस्तीचं दुकान, त्यांच्या डोक्यावर तुमची पेटी, माझ्या हातात तिचं झाकण. तुमी आतनं इचारलंसा, "कोण आहे?" मी म्हणालो, "मी आलोय." तर तुमी बाहेर आलासा, मला खालनं वर बघितलंसा आणि म्हणालासा, "आलोय? मिशा फुटल्यात का गं तुला? आले म्हणावं. जा, खाली जाऊन परत ये आणि नीट सांग." वडील पेटी डोक्यावर धरून तसंच हसाय लागले. मी खाली गेलो, वर आलो, म्हणालो, "मी आले." तुमाला ते पडेल वाटलं, परत धाडलंसा. तिसऱ्या येळंला माझं डोकं फिरलं. जिन्यातनंच वरडलो, "मी आलोय, आता घेताय का आत?" तवा तुमी हसलासा. वडलांना म्हणालासा, "ही काही सुधारायची नाही. पाठवा हिला शिकायला."

तुमची शिकवणी म्हंजे सैपाकघरात. बाहेरच्या खोलीत तंबोरा, पेटी, सतरंजी सगळं हुतं, पण चार वाजता तुमाला चहा लागायचा आणि चहा झाला की भाजी निवडायची असायची. मग आमी सात-आठ पोरी उंबऱ्यावर, मोरीच्या कडंला, जागा मिळंल तितं बसून सा लावायचो. तुमी मेथीची काडी हातात धरायचासा. काडी वर गेली की आमी वर, खाली आली की आमी खाली. मला ते अजून दिसतंय. स्टोव्ह फरफरतोय, त्याच्यावर आधण हाय, तुमची पाठ आमच्याकडं, आणि तुमी एकदम इचारतासा, "हा स्टोव्ह कुठल्या पट्टीत बोलतोय? सांगा बघू." पोरी फिदीफिदी हसाय लागल्या. मी म्हणालो, "पांढरी पाच." तुमी वळलासा. "कशावरून?" "कशावरनं म्हंजे? ऐकू येतंय की." तुमी आधण तसंच सोडून बाहेर गेलासा, पेटीची पांढरी पाच दाबून बघितलीसा, परत आलासा आणि स्टोव्हकडं बघून म्हणालासा, "मेला अर्धा सूर खाली आहे. म्हणूनच माझं याच्याशी जमत नाही."

तुमचा सा म्हंजे काळी चार. पेटीवरची चौथी काळी पट्टी, तिला लागून डाव्या अंगाला पांढरी पाच, त्या दोघीत अर्ध्या सुराचं अंतर. नुसतं ऐकणाऱ्याला ते समजत बी न्हाई. पण तुमचा जलम त्या अर्ध्या सुरावर उभा हुता. नाटक कंपनीत तुमी सोळा-सतराच्या असताना तितला नायक म्हणाला, माझा गळा वर जात न्हाई, पोरीला खाली गाऊ दे. मालक बी त्याच्याच बाजूला. तुमी पेटारा भरलासा आणि कंपनी सोडून आलासा, ते बी अशा दिवसात की बाईनं कंपनी सोडली तर तिला दारात कोण उभं करत नव्हतं. आमाला सांगताना तुमी छाती पुढं काढायचासा. "मी कुणासाठी खाली आले नाही." लोकं तुमाला काळी चारच्या बाई म्हणायची. बैठकीला बसलासा की तंबोरा लावायच्या आधी तुमी स्वता हात लांब करून पेटीची ती पट्टी दाबायचासा. दुसऱ्या कुणी दाबलेली चालायची न्हाई.

दोन वर्सं मी तुमच्याकडं गायलो. मग एक दिवस सगळ्या पोरींच्या देखत तुमी म्हणालासा, "तुला गळा नाही. उगीच तुझा आणि माझा वेळ घालवू नकोस. कान आहे, तो वापर. बापाच्या दुकानात बस, पेट्या लाव." मी तंगडतोड करत घरला आलो आणि महिनाभर तुमच्या गल्लीतनं गेलो न्हाई. चुलीपाशी आईला म्हणालो, ती बाई माजलीया. पण दुकानात बसलो. पेटीचं झाकण काढलं की आत पितळंचे सूर वळीनं बसवलेले असत्यात, एकेकाचं एकेक घर. वारा लागला की सुराची जीभ थरथरती आणि आवाज येतो. टोकाला कानस मारली की सूर चढतो, बुडाला मारली की उतरतो. मला ते गाण्यापेक्षा लवकर आलं. वडील गेल्यावर लोकं म्हणाली, पोरीच्या हातात कोण पेटी देतंय? तुमी तुमची पेटी पाठवून दिलीसा आणि चारचौघांत सांगितलंसा, "माझ्या पेटीला हिच्याशिवाय कुणाचा हात लागायचा नाही." त्यावर आमचं घर चाललं. त्याच पेटीवर मी तुमच्या साथीला बसाय लागलो. गळा नसला तरी बोटं हुती.

गारगोटीला झालेलं गाणं आठवतंय न्हवं? शाळेच्या पटांगणात. अर्ध्यात लाईट गेली, भोंगा बंद पडला, पाठीमागची माणसं उठाय लागली. तुमी थांबला न्हाईसा, आवाज मोकळा सोडलासा, मागच्या बैलगाडीवर बसलेला म्हातारा परत खाली बसला. आणि नेमका तवाच पेटीतला एक सूर मुका झाला. आत कायतरी किडा गेलता. तुमची तान चालू, डोळं मिटलेलं, आणि तशातच तुमी अंबाड्यातला आकडा काढून माझ्यापुढं धरलासा. बघितलं बी न्हाईसा माझ्याकडं. मी झाकण उचलून आकड्यानं किडा काढला, सूर बोलला. वापस येताना जीपमधी मी आकडा परत द्याय लागलो तर तुमी म्हणालासा, "ठेव. माझे केस गळतील, तुझं काम संपायचं नाही." तो आकडा मी अजून वापरतो. वाकलाय, पण त्याच्यागत हत्यार बाजारात मिळत न्हाई.

त्याच जीपमधी तुमी ते इचारलंसा. ड्रायव्हर पुढं तंबाखू मळत गाडी चालवतोय, तबलजी घोरतोय. तुमी म्हणालासा, "गाणाऱ्याला आपला गळा उतरलेला सगळ्यात शेवटी कळतो. आजूबाजूची सगळी जीव लावणारी माणसं, ती वाहवाच करणार. तू तेवढी तोंडावर बोलतेस. माझा सा ज्या दिवशी हलेल त्या दिवशी मला सांगायचं. त्याच दिवशी मी तंबोरा खुंटीला अडकवीन." मी म्हणालो, "सांगीन की. त्यात काय एवढं." तुमी म्हणालासा, "असं नाही. शपथ घे." मी म्हणालो, शपथ-बिपथ आपल्याला जमत न्हाई, सांगीन म्हणालो म्हंजे सांगीन. तुमी मान डोलावलीसा आणि झोपलासा.

आणि मी सांगितलं न्हाई.

तुमी सत्तरीला आलतासा, मी चाळिशी वलांडली हुती. त्या थंडीत तुमाला खोकला धरला तो दोन महिने सुटला न्हाई. खोकला गेला पण वरचा सा घेऊन गेला. म्हंजे लागायचा, पण टेकायचा न्हाई. तुमी त्याच्या जवळ जायचासा आणि वळसा घालून परत यायचासा. ऐकणाऱ्याला वाटायचं, वा, काय हुलकावणी दिली. मला ठावं हुतं ती हुलकावणी न्हवं. आणि पंधरा दिवसावर तुमचा सत्काराचा जलसा. हॉल ठरलेला, गावभर बोर्ड लागलेले, तुमच्या जुन्या पोरी लेकरंबाळं घेऊन येणार. तुमी नवीन लुगडं आणलंसा आणि मला दाखवलंसा, काठ हातानं चाचपत. मग काय इचारावं तसं न इचारता इचारलंसा, "लागतोय ना गं बरोबर?" मी पेटीच्या भात्याचा खिळा बसवत हुतो. मी मान वर केली न्हाई. म्हणालो, "लागतोय की." बास, एवढंच. तोंडावर बोलणारी बाई म्हणून तुमी मला धरलं हुतं आणि येळ आली तवा मी खिळा बसवत बसलो.

भाता गळतोय म्हणून खोटं सांगून मी पेटी दुकानात आणली. सोमवारी दुकान बंद असायचं. शटर अर्धं वडलं आणि सकाळी बसलो ते दिवेलागणीपर्यंत उठलो न्हाई. एकेक सूर काढला आणि उजवीकडच्या घरात सरकवला. सगळी वळ एक घर सरकली. डाव्या टोकाला घर रिकामं पडलं तितं जुन्या पेटीतला खालचा सूर घातला. म्हंजे आता तुमी काळी चार दाबलीसा की वाजणार पांढरी पाच. बोट तुमचं तितंच, पट्टी तीच, निस्ता सूर अर्धा खाली. पेटीत दोन वळी, म्हणून उजव्या टोकाचे दोन सूर उरले. सगळ्यात वरचे. ते मी खोबरेल तेलाच्या डबीत टाकले. मी सोताला सांगत हुतो की हे बाईंसाठी करतोय. खरं सांगू? मला तुमच्या तोंडाकडं बघून "उतरलाय" म्हणायचं धाडस झालं न्हाई. सूर सरकवायला दिवस लागला. बोलायला एक मिनिट लागलं असतं.

जलशाच्या दिवशी तुमी हात लांब केलासा आणि काळी चार दाबलीसा. आणि दाबून धरलीसा. रोज जेवढी धरायचासा त्याच्यापेक्षा जास्त. तुमी माझ्याकडं न्हाई बघितलं, पेटीकडं बघितलंसा, एखाद्या वळखीच्या माणसानं खोटं बोलावं आणि आपण त्याच्याकडं बघावं तसं. मग तुमी तंबोरेवाल्या पोरीला म्हणालासा, "मिळव." तबलजी आपला तबला घरनं काळी चारला लावून आलता, त्याला आता तो उतरवावा लागला. हातोडी मारता मारता माझ्या कानाशी आला आणि म्हणाला, "काय गं, काळी चार आज पावडर लावून आलीया व्हय?" मी म्हणालो, "गप तबला ठोक." तो गप बसला तो मरंपर्यंत गप बसला. भला माणूस. आणि तुमी गायलासा. वरचा सा आला आणि बाई, तो टेकला. हलला न्हाई. माणसं रडाय लागली. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मी भाता वडत हुतो आणि मला रडू बी येत नव्हतं, निस्ती भीती वाटत हुती.

दुसऱ्या दिवशी मी पेटी न्ह्यायला आलो. सूर परत जागच्या जागी बसवायचे हुते. म्हणालो, भात्याचं थोडं ऱ्हायलंय, न्हेतो. तुमी सैपाकघरात पाटावर बसलेल्या. एव्हाना गॅस आलता, पण चहाला तुमाला स्टोव्हच लागायचा. तो फरफरत हुता. तुमी त्याच्याकडं बघत म्हणालासा, "राहू दे पेटी. आता स्टोव्हशी जमतंय माझं." मग तुमी भांडं उचललंसा आणि म्हणालासा, "बस. मी चहा ठेवतो." ठेवतो. तीस वर्सात तुमच्या तोंडनं असलं कवा ऐकलं नव्हतं. मी आपला इनोद करायला गेलो, "बाई, मिशा फुटल्या काय?" तुमी हसला न्हाईसा. चहा केलासा, मला दिलासा, साखर घालायला इसरलासा. मी तसाच पिऊन आलो.

त्यानंतर तुमी कुठं गायला बसला न्हाईसा. तंबोरा खुंटीला गेला. पोरींना शिकवायचासा, पण काडी दाखवून, आवाज न काढता. वर्स भरायच्या आत तुमी गेलासा. दवाखान्यात मी चार दिवस बसलो, त्या चार दिवसात बी ना तुमी काय बोललासा ना मी. लोकं म्हणाली, सत्कार झाला, सार्थक झालं, माणूस तृप्त झाला म्हणून गाणं थांबवलं. मी मान डोलवायचो. मला ठावं हुतं, तुमी ठरवून थांबणार हुतासा. ते थांबणं तुमच्या हातचं हुतं, आणि मी ते तुमच्या हातनं काढून घेतलं. जी बाई नायकासाठी खाली आली न्हाई, तिला मी न इचारता खाली आणून बसवलं, ते बी तिच्याच पेटीनं. आणि त्यावर तुमी मला बिनसाखरेचा का होईना, चहा दिलासा.

आता टेपचं सांगतो. राजारामपुरीत एक पोरगी गाण्याचा क्लास घेती, तुमच्या शिष्येची शिष्या. खाली झेरॉक्सचं दुकान, शेजारी गणिताचा क्लास, मधी हिचा सारेगम. पोरगी चांगली हाय, जीव लावून करती. तिला कुणाच्यातरी माळ्यावर त्या जलशाची कॅसेट मिळाली. महिन्यापूर्वी दुकानात आली, मला म्हणाली, "आजी, टेप जुनी आहे, उतरवून घेताना मशीन हळू फिरलं असणार. सगळं अर्धा सूर खाली येतंय. बाई तर शेवटपर्यंत काळी चार, हो ना? मग मी कॉम्प्युटरवर ते अर्धा सूर वर घेऊ?" माझ्या हातात कानस हुती. मी कानशीकडं बघत म्हणालो, "व्हय, मशीनच ढिलं असंल. घे वर." बघा बाई. तीस वर्सं झाली तरी मी तितंच बसलोय, हत्याराकडं बघत.

परवा ती परत आली, तुमची पेटी रविवारी स्टेजवर ठेवायला मागायला. पेटी तुमी मला ठेवून गेलतासा, मी ती इकली न्हाई आणि तिचे सूर बी हलवले न्हाईत. सुनंनं चहा केला. पोरगी लई खूश. कार्यक्रमाची छापलेली पुस्तिका दावली, वर मोठ्या अक्षरात "अखेरपर्यंत काळी चार." मग मोबाईलवर ती दुरुस्त केलेली टेप लावली. बाई, ते तुमी नव्हतासा. गळा चिमटीत धरल्यागत बारीक, तबला पळत सुटलेला, आणि तो वरचा सा, जो तितं टेकला हुता, तो कुणीतरी पोरसवदा बाई किंचाळल्यागत. मी म्हणालो, "बंद कर ते."

"काय झालं आजी? आवडलं नाही?"

"मशीन बरोबर हुतं. मी खोटं बोललो."

तिला काय कळंना. मी आतनं तुमची पेटी आणली, झाकण काढलं, तिला म्हणालो, काळी चार दाब आणि कुठला सूर वाजला ते तुझ्या मोबाईलला इचार. तिनं दाबली. मोबाईलवर काय दिसलं ते बघून तिनं परत दाबली. मग मी खोबरेलाची डबी काढून ते दोन सूर तिच्या तळव्यावर ठेवले आणि सगळं सांगितलं, जीपपासनं चहापर्यंत. सून दारात कपबश्या घेऊन उभी. पोरगीनं दोन्ही सूर उलटेपालटे करून बघितले. मग म्हणाली, "आजी, पुस्तिका छापून झालीय हो."

"झाली तर झाली. पुस्तिका गात न्हाई."

"पण लोक म्हणतील, बाई खाली आल्या."

"आल्या न्हाईत. मी आणलं. तसं सांग."

"तुमचं नाव घेऊन?"

मी पटकन "व्हय" म्हणालो न्हाई, हे बी लिहून ठेवतो. बाहेरनं केएमटीची एक बस गेली, तोवर थांबलो. मग म्हणालो, "घे की. पेटीवाली म्हण, सगळ्यांना समजतंय." तिनं मोबाईलवर जुनी टेप शोधली, बिगर दुरुस्तीची, आणि लावली. आमी तिघी तितं बसून ऐकली. तुमच्या गळ्यात खोकल्याची खरखर हाय. मधी तुमी श्वास घेतासा तो ऐकू येतोय. आणि वरचा सा येतो, पांढरी पाचचा, स्टोव्हच्या पट्टीतला, आणि थांबतो. पोरगीच्या डोळ्याला पाणी आलं. ती म्हणाली, "हीच लावते रविवारी." पेटी घेऊन गेली. ते दोन सूर मात्र परत देऊन गेली, म्हणाली, हे माझ्याकडं नको.

ती गेल्यावर सुनंनं कपबश्या तशाच हातात धरून इचारलं, "आत्ती, बाईंना कळलं हुतं काय हो?"

"पट्टी दाबली तवाच कळलं हुतं."

"मग बोलल्या का न्हाईत?"

मी तिच्याकडं बघितलं. ती बी माझ्याकडं बघत हुती, आणि मग तिनं नजर खाली घातली आणि आत गेली.

ही माझी सून कबनूरची. बाप यंत्रमागावर कामाला. मागांच्या खडखडाटात वाढलेली पोरगी, लगीन झालं तवा मी सगळ्यांदेखत म्हणालो हुतो, हिला काय सुराचं समजणार, हिला वरडल्याबिगर ऐकू येत न्हाई. तुमचंच तोंड मला लागलंय. पण ती दुकानात बसली, बघून बघून शिकली, मला काय इचारलं न्हाई. हल्ली मी पेटी लावली की ती म्हणती, "आत्ती, तुमी बसा, मी जरा पुसून आणते." मला वाटायचं, नीटनेटकी हाय. मागल्या म्हैन्यात चष्मा आत ऱ्हायला म्हणून मी आत गेलो. ती पाठमोरी बसलेली, पेटीचं झाकण काढलेलं, मोबाईल सुरांवर उभा करून ठेवलेला, त्यात सूर मोजायचा काटा हलतोय, आणि तिच्या हातात माझी कानस. एकेक सूर दाबती, काट्याकडं बघती, हळूच कानस मारती. अगदी हळू. आवाज येऊ न्हाई म्हणून. मी चष्मा न घेताच बाहेर आलो आणि खुर्चीत बसून मोठ्यांदा म्हणालो, "झाली काय पुसून? गिऱ्हाईक याचंय." तिनं पेटी आणली. मी सा दाबला, प दाबला, वरचा सा दाबला. बाई, मला माझं लावलेलं आणि तिचं लावलेलं, दोन्ही सारखंच वाटलं.

कवापासनं हे चाललंय, ठावं न्हाई. मी तिला इचारलं न्हाई. तिनं मला सांगितलं न्हाई. पेट्या बरोबर जात्यात, गिऱ्हाइकं खूश हायत, म्हणत्यात म्हातारीचा कान अजून जागेवर हाय. मी बी हसतो.

कागद संपत आला. हे पत्र त्या डबीत बसत न्हाई, तवा दोन सूर ह्याच्यात गुंडाळून ठेवतो. आत सुनंनं हाक मारलीया, पेटी पुसून झाली म्हणतीया. जातो, आणि नेहमीगत सा दाबून म्हणतो, बरोबर हाय.